चिंचघाटची पावलं

नाशिकला इंदिरानगरात संघमित्रा रामटेकेचं फिजिओथेरपीचं केंद्र होतं. अपघातात पाय मोडलेले, गुडघे बदललेले, पक्षाघातानं एक बाजू लुळी पडलेले लोक तिच्याकडे चाकांच्या खुर्चीतून येत आणि महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या पायांनी परत जात. तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. केंद्राला लागूनच तिचं घर होतं, मध्ये फक्त एक दार. त्या दारापलीकडे बसलेला एक पेशंट मात्र तिला अजिबात दाद देत नव्हता. तो पेशंट म्हणजे तिचे वडील.

देवाजी रामटेके एके काळी चिंचघाट पेपर मिलच्या बॉयलर विभागाचे फोरमन होते. एका हाकेत अख्खी पाळी हलवणारा माणूस. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांना झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय, वाचा, सगळं एकदम गेलं. डोकं शाबूत होतं. शब्द मनात तयार होत, पण जिभेला हुकूम पोचत नसे. तोंडातून एकच अक्षर निघे, "ता". पाणी हवं असलं तरी "ता", राग आला तरी "ता". पायात हळूहळू ताकद येत होती. कुणी आधार दिला तर ते चालू शकले असते. पण चालून जायचं कुठे, असा त्यांचा चेहरा असे.

"बाबा, या दारापासून त्या खिडकीपर्यंत, बस," मित्रा म्हणे. घरात तिला मित्राच म्हणत.

बाबा खिडकीकडे एकदा बघत आणि डोळे मिटून घेत.

दिवाळीनंतर केंद्रात फिरता चौथरा आला. दिसायला मोठ्या गोल जात्यासारखा. वर उभं राहून कुठल्याही दिशेला पाऊल टाकलं की खालचा पृष्ठभाग तेवढाच उलट सरकायचा, म्हणजे माणूस चालत राही, पण जागच्या जागी. वरून झोळीसारखा आधार लोंबत असे, त्यामुळे पडायची भीती नाही. समोर अर्धगोल पडदा. आणि त्या पडद्यावर कालनकाशा.

कालनकाशाचं वेड तेव्हा नुकतं देशभर पसरायला लागलं होतं. त्यामागचं शास्त्र तसं सरळ होतं. कित्येक वर्षं उपग्रह रोज जमिनीचे फोटो काढत आले होते. एकाच घराचे हजारो फोटो, काही सकाळचे, काही संध्याकाळचे, काही डोक्यावरून, काही तिरके. सूर्य त्या क्षणी आकाशात कुठे होता हे ठाऊक असलं की सावलीच्या लांबीवरून भिंतीची उंची काढता येते. दोन वेगळ्या कोनांतल्या फोटोंवरून छपराचा उतार कळतो, आपल्या दोन डोळ्यांना अंतर कळतं तसा. रडारच्या लहरी ढगांतून पार होतात, त्यामुळे पावसाळ्याचे महिनेही कोरे राहत नाहीत. यात लोकांनी आपापल्या मोबाइलमधले जुने फोटो घातले, दारांचे, ओट्यांचे, आतल्या खोल्यांचे, लग्नाच्या मांडवांचे, आणि संगणकानं सगळं एकमेकांत विणून ठेवलं. आता गावाचं नाव आणि साल सांगितलं की ते गाव त्या सालात उभं राही. पूर्वी लोक उपग्रहाच्या नकाशावर आपलं जुनं घर शोधून वरून छप्पर बघत आणि हळहळत. आता खाली उतरून गल्लीत शिरता येत होतं.

"बाबा, एकदा फक्त उभे राहा," मित्रा म्हणाली. तिनं त्यांना झोळीत बसवलं, कमरेचे बंद आवळले आणि यंत्राला सांगितलं, "चिंचघाट मिल कॉलनी. एप्रिल दोन हजार अठरा."

पडदा उजळला. लांबवर पाण्याची टाकी दिसली. मग गुलमोहराची रांग, पिवळ्या क्वार्टरांच्या ओळी, मिलची चिमणी. मिल बंद पडून बावीस वर्षं झाली होती. कॉलनी पाडून टाकली होती आणि आज त्या जागी क्षितिजापर्यंत सौरऊर्जेच्या काचा पसरल्या होत्या. जगात जे गाव कुठेही उरलं नव्हतं ते बाबांच्या समोर उन्हात लखलखत उभं होतं.

"ता," बाबा म्हणाले.

त्या 'ता'चा सूर मित्रानं यापूर्वी ऐकला नव्हता. बाबांनी डावा पाय पुढे टाकला. मग, सगळं अंग वाकडं करून, उजवा ओढला. पुन्हा डावा. चौथरा सरकला, पडद्यावरचा रस्ता पुढे आला. टाकीला वळसा घातला, कोऑपरेटिव्हचं दुकान गेलं, आणि घामानं डबडबलेले बाबा स्वतःच्या क्वार्टरच्या दारात जाऊन उभे राहिले. झटका आल्यापासून ते एवढं कधीच चालले नव्हते. मित्रा नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पाणी घ्या थोडं."

त्या दिवसापासून घरातलं वेळापत्रकच बदललं. सकाळी चहा झाला न झाला तोच बाबा काठीनं मधलं दार ठोठावायला लागत. दुसरा पेशंट चौथऱ्यावर जरा जास्त रेंगाळला की खुर्चीतून त्याच्याकडे असे बघत, की तो बिचारा व्यायाम अर्धा सोडून उतरे. बांबूचं आवार, मिलचं गेट, बुद्धविहार, आठवडी बाजार. रोज थोडं लांब. बाबांचा उजवा पाय गुडघ्यातून वाकायला लागला होता.

नकाशात आणखी एक गंमत होती. जे लोक चौथऱ्यावर किंवा खास तळव्यांचे बूट घालून कालनकाशात चालत, त्यांची पावलं जमिनीवर फिकट निळ्या उजेडात उमटत. कोण चाललं ते कळत नसे. स्वतःची पावलं चालताना लगेच दिसत, इतरांना मात्र ती काही तास उशिरानं दिसत आणि दिवसभरानं पुसली जात. आपल्या जुन्या गावात आणखी कुणी येऊन गेलं आहे एवढंच लोकांना समजावं, अशी ती कल्पना होती. चिंचघाटला अशी पावलं बरीच होती. कॉलनीतली माणसं सुरत, हैदराबाद, रायपूर, कुठे कुठे पांगली होती, आणि तरी रोज कुणी ना कुणी आठवडी बाजारात जाऊन येत होतं.

एका सकाळी बाबा क्वार्टरपाशी पोचले आणि फाटकाबाहेरच्या पावलांपाशी थबकले. मित्रानंही पाहिलं. आधी ओझरतं, मग नीट, आणि मग तिनं यंत्र थांबवून ती पावलं मोठी करून घेतली.

चालणं वाचायचं हे तिचं कामच होतं. माणसाची चाल त्याच्या सहीसारखी असते. टाच कुठे आधी टेकते, कुठल्या पायावर भार किती वेळ राहतो, वळताना कुठला पाय खुंटीसारखा रोवला जातो, हे सगळं एकत्र घेतलं तर दोन माणसं सारखी निघत नाहीत. या पावलांत डाव्या पायाची टाच जवळजवळ उमटलीच नव्हती, पुढचा चवडा मात्र खोल. डावं पाऊल आखूड, उजवं लांब. डावा पाय थोडा तोकडा असलेला माणूस. आणि प्रत्येक वळणावर तो उजव्या पायावर गर्रकन फिरला होता, पोरं भोवऱ्यासारखी फिरतात तसा.

ती पावलं फाटकापर्यंत आली होती, आत गेली नव्हती. तिथून परत फिरून विहारामागच्या पायवाटेनं सरळ नदीकडे गेली होती, जिथे मिलचा नाला नदीला मिळायचा तिथे. नाल्याच्या तोंडाशी तो माणूस बराच वेळ उभा राहिला होता. तिथले ठसे एकमेकांवर पडून दाट झाले होते.

पुढच्या दोन सकाळीही मित्राला तीच पावलं तिथेच दिसली. बाबांना तिनं काहीच सांगितलं नाही.

सुगत तिचा मोठा भाऊ. बारा वर्षांचा असताना मिलच्या आवारात रचलेल्या बांबूंच्या ढिगावरून पडला आणि डावा पाय मोडला. बाबांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत धाव घेतली होती. हाड जुळलं, पण पाय तोकडा राहिला. पुढे तो रसायनशास्त्र शिकला, आणि शिकून आला तेव्हा नाल्याचं काळं पाणी बाटल्यांत भरून तपासायला लागला. त्यानं तक्रार केली, वर्तमानपत्रात बातमी आली, चौकशी लागली. वर्षभरात मिलला टाळं लागलं. मालकांनी मिल बंद करायचं त्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतं हे मागाहून उघडकीला आलं. पण त्या दिवशी गेटसमोर जमलेल्या कॉलनीला एकच नाव ठाऊक होतं. लोकांनी सुगतला घेरलं, आणि बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "हा माझा पोरगा नाही."

सुगत त्याच संध्याकाळी गेला. फोन नंबर बदलला, समाजमाध्यमांवर कधी आला नाही, आईच्या अंत्यविधीलाही आला नाही. कारण तो कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आता तो रोज या फाटकापर्यंत येत होता.

मित्रानं कालनकाशाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे गार्गी नावाची अधिकारी होती. बोलायला फार चांगली, पण ठाम.

"मॅडम, कोण चाललं ते आम्ही कुणालाही सांगत नाही."

"मला ठाऊक आहे कोण चाललं ते. माझा भाऊ आहे. मी त्याची चाल ओळखली. मला फक्त त्याला एक निरोप द्यायचाय."

"तुम्ही चालीवरून ओळखलंत?"

"हो."

"हेच तर झालंय. आम्हाला वाटलं होतं, नाव नसलं की माणूस लपला. पण एका बाईच्या मागावर असलेल्या माणसानं तिला असंच पावलांवरून शोधून काढलं. म्हणून सरकारचा आदेश आलाय. या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाऊलखुणा कायमच्या बंद होतील. नकाशा राहील, पावलं राहणार नाहीत. निरोपाचं म्हणाल तर तशी सोयच नाही. नकाशात कुणी काही लिहू शकत नाही, फक्त चालू शकतं. मला वाईट वाटतंय, मॅडम."

महिना संपायला आठवडासुद्धा उरला नव्हता.

फोन ठेवून मित्रा चौथऱ्याच्या कडेला बसली. बाबांना सांगावं तर रक्तदाब चढायचा, दुसरा झटका यायचा. न सांगावं तर महिनाअखेर ही वाट बुजणार. शिवाय आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. दादाला ओळखलं जायचं नव्हतं, म्हणूनच तो तिथे येत होता. त्या बाईच्या मागावरच्या माणसानं केलं तेच आपण करतोय का? पण तो फाटकापाशी येऊन थांबत होता. ज्याला येणं नको असतं तो फाटकापर्यंत कशाला येईल?

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं बाबांसमोर खुर्ची ओढली.

"बाबा, फाटकाबाहेर ती पावलं होती ना. ती दादाची आहेत."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची चांगली, डावी बाजू हलली आणि स्थिर झाली. ते काठीनं दार लोटून आतल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी ते चौथऱ्याकडे फिरकले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आपण घात केला असं मित्राला वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मधलं दार ठोठावलं गेलं. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते.

मित्रानं झोळी बांधली, चिंचघाट उभं केलं. नेहमी बाबा टाकीपासून सुरुवात करत. आज त्यांनी काठीनं पडद्यावर आपलं क्वार्टर दाखवलं, आणि मग आतली खोली. आत उभे राहून त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि चालायला लागले. घराच्या आतून दारात, दारातून ओट्यावर, ओट्यावरून फाटकाबाहेर. क्वार्टरसमोर पोरांचं व्हॉलीबॉलचं मैदान होतं. बाबा त्यात शिरले आणि विचित्रच करायला लागले. थोडं पुढे गेले, अर्धगोल वळले, तिरके आले, पुन्हा आल्या पावली मागे फिरले.

दिशेचं भान गेलं की माणूस असं भरकटतो, हे मित्रानं पेशंटांत पाहिलं होतं. "बाबा, थांबा. डोकं दुखतंय का?" तिचा हात बंद करायच्या बटणावर गेला.

"ता!" बाबांनी काठीचा असा फटका आधाराच्या दांडीवर मारला की ती दचकली. काठीनंच त्यांनी वर बोट केल्यासारखं केलं. वर, वरून बघ.

तिनं नकाशा उपग्रहाच्या नजरेनं लावला. मैदान वरून दिसायला लागलं. बाबांची ताजी पावलं त्यात निळ्या रेघेसारखी चमकत होती, आणि ती रेघ म्हणजे चक्क 'य' होता.

बाबा आता शिरोरेघ ओढत होते. उजवा पाय फरफटत होता, त्यामुळे रेघ जाडी आली होती. शिरोरेघेवरून ते वर सरकले, एक तिरकी मात्रा काढली, आणि थांबले.

ये.

मित्रानं बटणावरचा हात काढला. झटक्यानंतर तिनं बाबांपुढे अक्षरांच्या पाट्या ठेवल्या होत्या, डाव्या हातात खडू दिला होता, सगळं त्यांनी झिडकारलं होतं. आता ते पायांनी लिहीत होते. चालणाऱ्याला पेन उचलता येत नाही, रेघ कुठे तोडता येत नाही. पण आपली अक्षरं मुळातच एका रेघेला धरून असतात. चालणाऱ्याला ती रेघ रस्त्यासारखी वापरता येते. आणि कुणी लिहिलं हे सांगायची गरजच नव्हती. ती पावलं त्या घराच्या आतून आली होती.

त्या दिवशी तिनं पेशंट कसे तपासले ते तिलाच ठाऊक. पावलं इतरांना दिसायला काही तास लागणार होते. संध्याकाळी मैदानात 'ये' उमटला. आता तो दिवसभर राहणार होता.

सकाळी बापलेक दोघंही अंघोळीआधीच चौथऱ्यापाशी होते. मित्रानं वरून मैदान लावलं.

पहिल्यांदा त्यांना दिसली ती इतरांची पावलं. त्या रस्त्यानं नेहमी माणसं मैदान तुडवत आरपार जात. काल संध्याकाळनंतर गेलेली प्रत्येक वाट मैदानाच्या कडेशी आली होती, थबकली होती, आणि लांबून वळसा घालून पुढे गेली होती. कुणी सुरतेहून, कुणी रायपुरातून, ओळखीचं ना पाळखीचं, पण त्या अक्षरावर एकानंही पाय दिला नव्हता.

आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, छोट्या अक्षरांत, चवड्यावर भार देणाऱ्या डाव्या पावलांनी लिहिलं होतं, 'कुठे'.

"बाबा, तो विचारतोय कुठे येऊ," मित्रा म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. "त्याला आपला पत्ताच ठाऊक नाही ना. आपण नाशिकला आलो तेही त्याला कुठे माहीत."

बाबांनी झोळीकडे हात केला.

तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाऊलखुणा बंद होणार होत्या. पावलं उमटायला लागणारा वेळ धरला तर दुपारच्या आत लिहून व्हायला हवं होतं, आणि लिहायचं होतं 'नाशिक'. काना, वेलांटी, 'श'ची गाठ, 'क'ची दोन्ही पोटं. कालच्या 'ये'नंच बाबांचे पाय रात्रभर ठणकले होते.

"बाबा, मी चालते. माझं पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही फक्त सुरुवात करून द्या."

"ता," बाबा म्हणाले. त्याचा अर्थ नाही असा होता.

'न' झाला. काना झाला. बाबा झोळीत लोंबकळून धापा टाकत राहिले. केंद्राच्या बाहेरच्या खोलीत पेशंट जमायला लागले होते. सौदामिनीबाई ढिकले, गुडघा बदललेल्या, दर वेळी उशीर झाला म्हणून तक्रार करणाऱ्या, दारातून डोकावल्या. मित्रानं दोन वाक्यांत काय चाललंय ते सांगितलं.

"अगं, मग माझं काय घेऊन बसलीस," ढिकलेबाई म्हणाल्या. "माझा गुडघा उद्याही दुखणारच आहे. त्यांचं होऊ दे." आणि त्या खुर्ची ओढून पडद्यासमोरच बसल्या. थोड्या वेळानं बाहेरचे सगळेच आत आले.

'श'च्या गाठीत बाबा चुकले. उजवा पाय आत वळण्याऐवजी बाहेर गेला, तोल गेला, झोळीनं धरून ठेवलं. रक्तदाबाच्या यंत्रावर धोक्याचा पिवळा दिवा लागला. मित्रानं चौथरा बंद करायला हात उचलला आणि तिला बाबांचा चेहरा दिसला. बॉयलरमधली वाफ हाताबाहेर जायला लागली की ते असेच दिसत, असं तिला आठवलं. घाबरलेले नव्हे, कामाला लागलेले.

"दोन मिनिटं बसा. मग पुढे," ती म्हणाली.

ते बसले. उठले. गाठ पुरी केली. वेलांटीसाठी शिरोरेघेवरून वर चढून मागे वळले, आणि उभा दांडा उतरून खाली आले. 'क'चं डावं पोट काढताना त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. उजवं पोट त्यांनी अक्षरशः पाय ओढत पुरं केलं. शेवटचं पाऊल पडलं तेव्हा दुपार कलायला लागली होती. ढिकलेबाईंनी पदरानं डोळे टिपले.

मग वाट बघणं. ऊन उतरेपर्यंत नव्या अक्षरांची जागा कोरीच होती. मग 'न' उमटायला लागला, एकेक पाऊल करत, सकाळी चाललं होतं त्याच गतीनं. काना आला. 'श' आला, गाठीतल्या चुकीसकट. बाबा खुर्चीत पुढे वाकून बघत होते. वेलांटी वळली. आणि 'क'चं डावं पोट अर्धं आलं असताना पडद्यावरची सगळी निळाई एकदम विझली. खाली एक ओळ आली, ही सोय आता उपलब्ध नाही.

गुलमोहर होते, टाकी होती, पिवळी क्वार्टरं होती. जमिनीवर एकही पाऊल नव्हतं.

तो त्या वेळी तिथे होता की नाही, त्यानं काय पाहिलं, हे कळायला आता काहीही मार्ग नव्हता. बाबांनी मित्राकडे बघितलं नाही. ती त्यांचे पाय चोळत बसली.

एक दिवस गेला, दुसरा गेला. बाबा रोज चौथऱ्यावर चढत राहिले, हेच मित्राला मोठं नवल वाटत होतं. ते आता झोळीशिवाय दारापर्यंत जात. तिसऱ्या दिवशी दुपारी, पेशंटांची मधली सुट्टी असताना, केंद्राची घंटा वाजली. मित्रानं दार उघडलं.

बाहेर एक पिकल्या केसांचा माणूस खांद्याला पिशवी लावून उभा होता. चेहरा उन्हानं रापलेला. त्यानं आधी दारावरची पाटी वाचली, मग तिच्याकडे पाहिलं.

"मित्रा?"

तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"दिब्रुगडहून येतोय," तो म्हणाला. "ब्रह्मपुत्रेचं पाणी मोजायचं काम करतो तिकडे. पूर ओसरला होता, सुट्टी मिळाली लगेच." त्यानं खांद्यावरची पिशवी सावरली. "मी तिथेच उभा होतो ग, फाटकापाशी. अक्षरं येत होती आणि बंदच झालं. मला फक्त 'नाशि' दिसलं, आणि पुढे थोडंसं. म्हटलं, नाशि म्हणजे दुसरं गाव असणार कुठलं? मग तुझं नाव आणि नाशिक असं शोधलं, तर हे केंद्र निघालं. इतकं सोपं होतं. इतकी वर्षं मी शोधलंच नव्हतं."

"का नाही शोधलंस?"

"शोधलं असतं, आणि कुणी दार उघडलं नसतं तर?"

तेवढ्यात मधलं दार उघडलं. बाबा काठी टेकत उभे होते. घंटा त्यांनीही ऐकली होती. सुगत जागच्या जागी खिळला. त्यानं पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. दोघांमध्ये चौथरा होता, व्यायामाच्या सतरंज्या होत्या. बाबा चालत आले. मित्रा पुढे झाली नाही. ते चौथऱ्याला वळसा घालून आले आणि सुगतच्या समोर थांबले. डाव्या हातानं त्यांनी त्याचा खांदा चाचपला, मग मान, मग गाल.

त्यांचे ओठ हलायला लागले. मित्राला ठाऊक होतं काय येणार ते. रोज येई तेच अक्षर येणार. बाबांच्या कपाळावरची शीर फुगली, जबडा वाकडा झाला, आणि आवाज फुटला. जाड, ओबडधोबड, पण सगळे शब्द असलेला.

"जेवला का?"

मित्रानं शिकवलेल्या कुठल्याच व्यायामात हे वाक्य नव्हतं.

सुगतनं नकारार्थी मान हलवली. "नाही, बाबा. गाडीतून उतरलो तो सरळ इकडेच."

बाबांनी मित्राकडे वळून काठीनं स्वयंपाकघराकडे खूण केली, चांगली दोनदा, घाई कर म्हणून. मित्रा आत गेली, वरण आचेवर ठेवलं आणि भात आणखी टाकला. बाहेर बाबा सुगतला हात धरून आत आणत होते, आणि तोच एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, दर वेळी थोडा अधिक स्पष्ट, जणू बावीस वर्षांच्या सगळ्या जेवणांचा हिशोब त्यांना आत्ताच्या आत्ता हवा होता.